गाजर गवत ‘इथलं’ झालं म्हणे!

टेकडीवाला: काल इथेच कुणीतरी ठोकून दिलं, की गाजर गवत सत्तर वर्षांत आपल्या मातीत उत्क्रांत होऊन ‘इथलंच’ झालंय, तेव्हा उपटायचा खटाटोप सोडा, निसर्ग बघून घेईल. वर बदामांचा पाऊस. दर रविवारी टेकडीवर हात सोलवटून घेणाऱ्याने हे वाचून गप्प बसायचं?

उत्क्रांती कसली डोंबलाची! ते तयार होऊनच आलंय. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं. कोवळेपणी जमिनीला चिकटून पसरतं, शेजारच्याला उजेड मिळू देत नाही. अंगात पार्थेनिन हे विषारी द्रव्य, त्यामुळे जनावर सहसा तोंड लावत नाही. एका पांढऱ्या फुलात जेमतेम पाच बिया, पण एका झाडावर पंधरा-वीस हजार सहज. यातलं पुण्यात येऊन काय शिकलं? जलपर्णी बघा. दक्षिण अमेरिकेतून निघाली आणि जगभर जी पसरली ती बहुतेक जनुकांनी एकसारखीच. काही न बदलता तिने मुळा-मुठा आणि पंचगंगा गिळल्याच ना?

वनस्पतीवेडी: जलपर्णी सोयीची म्हणून घेतलीत. ती फुटव्यांनी वाढते. गाजर गवत बियांवर, पाणी मिळालं तर वर्षात दोन-तीन पिढ्या. पर्पल लूजस्ट्राइफ हे जांभळ्या फुलांचं तण घ्या की! युरोपातून साधारण दोनशे वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत गेलं. उत्तरेला उन्हाळा तोकडा, तिथलं बुटकं राहून लवकर फुलतं. दक्षिणेचं उंच वाढून उशिरा. कोलाउत्ती आणि बॅरेट या संशोधकांनी निरनिराळ्या ठिकाणची रोपं एकमेकांच्या गावी लावून पाहिली (2013). ज्याच्या त्याच्या गावात तोच वरचढ, पाहुणा मागे. मूळचे शत्रू, म्हणजे त्याला खाणारे किडे, मायदेशी मागे राहिल्याचा जेवढा फायदा, त्याच्या तोडीचा या जुळवून घेण्याचा. तेही एवढ्या थोड्या काळात. आता म्हणा डोंबलाची.

आणि उत्क्रांत झालं म्हणजे उपटू नका, हे मी म्हटलेलं नाही. ते कालच्या महाशयांना विचारा.

खुरपं: अमेरिकेचं राहू द्या. आमच्या बांधावर वर्षानुवर्षं ग्रास कटर फिरतोय. तिथलं आता चार बोटांवर फुलतं, पातं वरून निघून जातं. पलीकडे कांद्यातलं कंबरेएवढं. हे शिकणं नाही तर काय? आणि टेकडीवाले, तुमचे हात रविवारपुरते. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या मावशींची मान आणि कोपरं खाजवून खाजवून काळी पडलीत. डॉक्टर म्हणाले, गवतात जाऊ नका. मग खायचं काय?

टेकडीवाला: मावशींचं वाईट वाटतं, पण त्याने मुद्दा सिद्ध होत नाही. छाटलेलं झाड बुडातून फुटतं आणि खालीच फुलतं. तेच बी कांद्यात पडलं तर तेही कंबरेला लागेल. बांधावरचं आणि कांद्यातलं बी एकाच मातीच्या कुंड्यांत लावून बघितलंत? नाही ना? मग ‘शिकलं’ म्हणू नका.

सातबारा: कुंड्या मांडत बसा. हे आणलं कुणी ते बोला ना! पीएल-480चा, म्हणजे अमेरिकेच्या त्या मदत कायद्याखाली आलेला गहू!! जनावरांच्या लायकीचं धान्य आपल्या माथी मारलं, त्यातून आलं.

वनस्पतीवेडी: पुण्यात या गवताची नोंद 1955ची. पीएल-480चा आपला करार ऑगस्ट 1956चा. गवताला आगाऊ कळवलं होतं का?

सातबारा: ताई, 1951 मध्ये अमेरिकेने गव्हासाठी कर्ज दिलं, तो गहू काय आकाशातून पडला? तारखा दाखवून अमेरिकेची वकिली नको. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीने लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी थापल्यात. तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. त्या पोत्यांतून आणखी काय काय आलं, हिशेब आहे कुणाकडे?

खुरपं: मिलो आमच्याही घरी होता. आई अजून नाव काढलं की तोंड वाकडं करते. पण माझा बांध?

जुनी_नोंदवही: दोघेही थोडं मागे जा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या 1814च्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीत या झाडाचं नाव आहे. म्हणजे देशात पाऊल आधीच पडलेलं, तरी कुणाला त्रास झाल्याचं ऐकिवात नाही. पुण्याचं बी वेगळ्या ठिकाणचं असणार, असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये हेच झालं, तिथे ते दोन गावांत वेगवेगळं आलं. टूगूलावाचं 1955 पासून जवळपास जागेवरच बसलंय. क्लेरमॉन्टचं टेक्सासहून गवताच्या बियाण्यातून आलं आणि त्याने कुरणंच्या कुरणं व्यापली. जात एक, वाण दोन.

टेकडीवाला: म्हणजे तयार होऊनच आलं! आभारी आहे.

सातबारा: म्हणजे बाहेरून आणलेल्या धान्यातूनच! मीही आभारी आहे.

वनस्पतीवेडी: गवताच्या बियाण्यातून लिहिलंय, धान्यातून नाही. नीट वाचा. आणि टेकडीवाले, घाई नको. कोलंबियात ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारं गाजर गवत सापडलंय. ते मूळ रानातून तणनाशक पचवायला शिकून निघालं होतं का? फवारणीत वाचलेल्यांचं बी पुढे गेलं. निवड आपणच करतोय.

टेकडीवाला: बरं, औषधापुरतं तुमचं खरं. पेढे वाटा.

खुरपं: हसू नका. आमच्याकडचा दुकानदार दरवर्षी म्हणतो, औंदा थोडं जास्त टाका. आधी पंपाला एक झाकण टाकायचो, आता ओतायचं किती ते विचारू नका. मजूर मिळत नाही, मिळाला तर रोजाला परवडत नाही, म्हणून फवारतो. हौस नाही. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे आणून सोडले होते, पावसाळ्यात पानांची चाळण केली आणि थंडीत गडप झाले. दोन्हीकडचं बी काढून ठेवतो, कुंड्या लावतो. बुटकं ते बुटकंच राहिलं तर टेकडीवाल्यांनी निंदायला यायचं.

टेकडीवाला: येतो. पण बी सुटायच्या आत कुंड्या मोकळ्या करा, नाहीतर प्रयोगापायी गल्ली भरेल.

सातबारा: मिलोचं कुणी बोललंच नाही अजून.