आर्थर रोडची गर्दी: नवं जेल बांधायचं की खुली कारागृहं वाढवायची?

सातरस्ता
मुंबईत साने गुरुजी मार्गावरून रोज कामाला जातो. आर्थर रोड जेलच्या भिंतीला लागून मुलाकातीसाठी बायका थांबलेल्या असतात, हातात कपड्यांची पिशवी, कडेवर मूल. 1926 सालचं हे जेल, क्षमता हजाराच्या आतली, आणि आत तीन हजारांच्या वर माणसं कोंबलेली. उपाय मात्र दरवेळी एकच ऐकू येतो: शहराबाहेर मोठं जेल बांधा. मला हे पटत नाही. खुली कारागृहं वाढवा, म्हणजे जिथे कैदी बंद कोठडीऐवजी मोकळ्यावर राहून काम करतात. ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. 1939 साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचं बीज तिथलंच. पुढे 1956 साली येरवड्याला आणि 1968 साली पैठणला खुलं कारागृह झालं. मग आपण थांबलो का?

काळा कोट
भावना पोचली, पण उपाय चुकीच्या रोगावर आहे. खुल्या कारागृहात पक्के, म्हणजे शिक्षा झालेले कैदी जातात, तेही काही वर्षं शिक्षा भोगून, वर्तणूक पाहून. आर्थर रोडला बहुतेक कच्चे कैदी, ज्यांचा खटलाच संपलेला नाही. देशभरातही चार कैद्यांतले साधारण तीन कच्चेच. तुम्हाला दिसते त्या रांगेतल्या एकाही बाईचा नवरा उद्या पैठणला जाणार नाही.

माहीमची
मला दोघांचंही बोलणं टोचलं. माझ्या मावसभावाचा खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली तेव्हा मावशीला पहिल्यांदा झोप लागली. तो उद्या शेतात मोकळा फिरणार असेल तर तिला हे सांगायला कोण जाणार? सुधारणेच्या चर्चेत मेलेल्या माणसाचं घर नेहमीच सुटून जातं.

कुर्ला पूर्व
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण माझा पुतण्या एका जेलमध्ये सात महिने होता, शेवटी निर्दोष सुटला. रात्री कुशीवर वळायला जागा नाही, संडासला तासभर रांग. त्याला खरूज झाली ती घरी आल्यावरही महिनाभर हटेना. मला तत्त्वं नकोत, आज नवी इमारत हवी. कायदे बदलेपर्यंत आतल्याने काय करायचं?

सातरस्ता
माहीमची, मावशींना काय सांगायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही.
कुर्ला पूर्व, पण इमारत बांधतो तेव्हा आपण एक कल्पनाही बांधत असतो. फिलाडेल्फियात 1829 साली प्रत्येक कैद्याला एकट्याची कोठडी देणारं जेल उघडलं. एकांतात माणसाला पश्चात्ताप होईल असं ते चालवणारे मनापासून मानत होते. तीच एकांतकोठडी अंदमानात आली, 1906 पर्यंत तिची सात पाखांची इमारत उभी राहिली, आणि तिथे ती छळाचं हत्यार झाली. उलट मुंबईतलं डोंगरीचं जुनं जेल बघा. टिळक-आगरकरांनी 1882 साली जिथे 101 दिवस काढले, त्या जागेत पुढे मुलांचं सुधारगृह झालं. मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवायचं, हे 1924 च्या मुंबईच्या बाल कायद्याने आधी ठरवलं होतं.

काळा कोट
मग कायद्याचंच बोलू. जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 लागू आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त खटले असतील तर नाही. अर्ज कारागृह अधीक्षकानेच कोर्टात करायचा आहे, कैद्याने वकील शोधत बसायचं नाही. माझ्या अनुभवात जामीन मंजूर होऊनही लोक आत राहतात, कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला जामीनदार मिळत नाही. कधी कोर्टात न्यायला पोलीस पार्टी नाही म्हणून कैदी तारखेलाच पोचत नाही, आणि पुढची तारीख महिन्याने.

कुर्ला पूर्व
हे पुतण्याच्या बाबतीत झालं. तीन तारखा अशाच गेल्या.

सातरस्ता
खुल्या कारागृहांची मागणी मी सोडत नाही, पण आर्थर रोडसाठी ती पहिली नाही, हे मान्य. काळा कोट, जामीनदार नसलेल्यांसाठी काय कागद लागतात ते सोप्या भाषेत इथे लिहाल का? मी छापून रांगेत वाटतो.