ड्रूल्स (नियम चालवणारं जावा सॉफ्टवेअर): दोन लाख फॅक्ट (माहितीच्या नोंदी) टाकले की इंजिन बसतं

तापीकाठ (रावेर): केळी विम्याच्या नियमांसाठी २ लाख बागा आणि महसूल मंडळनिहाय तापमानाच्या १० हजार नोंदी एकाच सेशनमध्ये (नियम चालवायच्या एका सत्रात) टाकतोय. थोड्या बागांवर झरझर चालतं, पुढे हीप (जावाची मेमरी) भरते. रॅम वाढवू का?

धुळेकर: रॅम नंतर, भाऊ, आधी जॉइन (दोन प्रकारच्या फॅक्टची जुळवणी) बघा. मंडळ जुळवायची अट इव्हॅलमध्ये (नियमात लिहिलेल्या मोकळ्या कोडमध्ये) किंवा फंक्शनमध्ये असेल तर इंजिनला इंडेक्स (थेट शोधायची सूची) करता येत नाही. मग प्रत्येक बाग प्रत्येक नोंदीशी ताडली जाते, म्हणजे २०० कोटी जोड्या! सरळ समानतेची अट लिहा, हॅश इंडेक्स मिळेल. तापमानाची मर्यादा तापमानाच्याच पॅटर्नमध्ये (नियमातल्या त्या फॅक्टच्या अटीत) ठेवा. निरुपयोगी नोंदी अल्फा नोडवरच (एकेका फॅक्टच्या पहिल्या चाळणीतच) गळतात.

तापीकाठ: अट फंक्शनमध्येच आहे. शिवाय सलग गरम दिवस अ‍ॅक्युम्युलेटने (नियमातच बेरीज-मोजणी करायच्या सोयीने) मोजतो.

अमळनेरी: ते मोजणं एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमध्येच) आधीच उरका आणि प्रत्येक मंडळाचा एकच सारांश फॅक्ट टाका. सगळ्यात मोठा फरक इथेच पडेल. एका मंडळाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तर मंडळागणिक वेगळं सेशन चालवा. केआयई बेस (तयार नियमांचा संच) एकदाच बांधा, सेशन संपलं की डिस्पोज (बंद करून मोकळं) करा, नाहीतर जुने फॅक्ट मेमरीत अडकून राहतात.

धुळेकर: अजून एक. नो-लूप (नियमाने स्वतःलाच पुन्हा चालवू नये म्हणून लावायची खूण) फक्त त्याच नियमाला थांबवतं. दोन नियम आलटून पालटून एकच फॅक्ट मॉडिफाय करत असतील तर चक्र सुरूच राहतं. निकाल बागेच्या फॅक्टवर न लिहिता वेगळा फॅक्ट म्हणून इन्सर्ट करा.