सभागृहात प्रेक्षकांनी केलेला पुढाऱ्यांचा निषेध: तुमचे अनुभव

पारिजात_एडिसन
केनेडी सेंटरमध्ये उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ती क्लिप पाहिली आणि १८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवली. न्यूयॉर्कचं रिचर्ड रॉजर्स थिएटर, 'हॅमिल्टन' हे संगीत नाटक. ट्रम्प यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्ष म्हणून नुकतेच निवडून आलेले माइक पेन्स आत आले. आरडाओरडा, थोड्या टाळ्याही. शेवटी ॲरन बरची भूमिका करणारे ब्रँडन व्हिक्टर डिक्सन पुढे आले, आधी प्रेक्षकांना ओरडू नका म्हणाले आणि मग पेन्सना उद्देशून निवेदन वाचलं: आमच्यासारख्या वेगवेगळ्या लोकांना तुमचं सरकार सांभाळून घेईल ना, ही काळजी वाटते. पेन्स बाहेर निघाले होते, पण थांबून ऐकलं. ट्रम्पनी माफी मागा म्हटलं, पेन्स मात्र दुखावलो नाही म्हणाले. मला ते वाचन फार आवडलं, आधीचा ओरडा नाही. तुमच्याकडे असं काही घडलंय का?

तिसरी_घंटा
आमच्या गावच्या नाट्यगृहात. मंत्री येईपर्यंत पडदा उघडायचा नाही! आम्ही मेकअप करून विंगेत उभे, घामाने रंग उतरतोय. आले, मग हारतुरे, शाल, श्रीफळ, भाषण. भाषण संपेना तेव्हा लोकांनी सलग टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना कळलं, हात जोडून बसले. त्याचं वाईट नाही वाटलं. मध्यंतरात ते उठले आणि पहिल्या तीन रांगा त्यांच्यामागे निघून गेल्या, ते लागलं. दुसरा अंक रिकाम्या खुर्च्यांसमोर केला.

कऱ्हाकाठ
कराडचं मराठी साहित्य संमेलन, १९७५!! आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण म्हणजे केंद्रातले मंत्री, आणि संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवतांनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. मामा होते मंडपात. अजून सांगताना आवाज कापतो त्यांचा. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. पुढच्या वर्षी बाईंना अटक झालीच. कुकर झालाय, नंतर येते

साधा_प्रेक्षक
@पारिजात पण पेन्स प्रेक्षक म्हणून आले होते ना? कुणी नाटक बघायला खुर्चीत बसलाय तर बसू द्यावं की. स्टेजवर चढून आमचा वेळ खाल्ला तर टाळ्या वाजवून बसवा, शंभर टक्के.

रानजाई
नाही पटत दादा. एरवी भेटतात कुठे ते? लेकीच्या कॉलेजात मंत्री आले होते, गेटवर तिची काळी ओढणी काढून ठेवायला लावली. काळी, म्हणून. पोर साधं गाणं म्हणायला गेली होती. रडत आली. एवढी भीती लोकांची, तर लोकांनी गप्प का बसायचं?

साधा_प्रेक्षक
ओढणीचं वाचून राग आला. मिळाली का परत?

रानजाई
नाही ना. आजीने दिलेली होती.

घाटवाट
@तिसरी_घंटा कुठलं नाटक होतं हो? आम्हीपण स्पर्धेला करतोय यंदा, लाइटवाला मिळत नाहीये. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा प्लीज

तिसरी_घंटा
@घाटवाट खाजगी निरोप पाठवलाय. @रानजाई ताई, लेकीला सांगा, आमच्याकडे येऊन गा. कुठल्याही रंगाची ओढणी घालून.

पारिजात_एडिसन
@कऱ्हाकाठ कुकर उतरला की मामांना फोन करा. यशवंतराव तेव्हा काय करत होते, तेही विचारा.