मेलबर्नला जाताना कॅश आणि डिंकाचे लाडू किती चालतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला चाललेत, ताईचं बाळंतपण आहे, त्यामुळे आईची बॅग म्हणजे अर्धं किराणा दुकान झालंय.

पैशाचं बऱ्यापैकी कळलंय. इथून भारतीय रुपये माणशी २५ हजारापर्यंतच नेता येतात, फॉरेन करन्सी नोटांत ३००० अमेरिकन डॉलरएवढीच मिळते, बाकीचं फॉरेक्स कार्डवर, आणि तिकडे १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त कॅश असेल तर डिक्लेअर करायची. एवढी आमच्याकडे नाहीच, तो प्रश्न मिटला.

खरी पंचाईत खाण्याची. डिंकाचे लाडू साजूक तुपातले, वर हळीव, मेथीदाणे, गोडा मसाला, मेतकूट. आई म्हणते "घरचंच तर आहे, त्यात काय सांगायचं", आणि मला त्याचीच धास्ती, कारण न सांगता काही सापडलं तर दंड तर होतोच, व्हिजिटर व्हिसासुद्धा रद्द करू शकतात म्हणे. तिकडे उतरताना द्यायच्या फॉर्मवर खाण्याच्या सगळ्याला 'येस' टिक करा असं बजावून ठेवलंय.

तर अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा, तुपातले लाडू सोडतात का? अख्खे हळीव सरळ डस्टबिनमध्ये जातात का, की भाजून पूड केली तर चालते? आणि आईच्या पाटल्या-मंगळसूत्राचं परत येताना लफडं नको म्हणून जाताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (दागिने इथूनच नेलेत याचा कागद) घ्यायचंय, त्याला सोनाराची पावती लागतेच का? पाटल्या आजीच्या आहेत हो, पावती कुठून आणू!