रीफसाठी देणगी आणि सरकारी अनुदान

मंडळी, नमस्कार.

आपल्या यंदाच्या शिलकीतून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरिअर रीफसाठी, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या रांगेसाठी, काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला देणगी द्यायचं घाटतंय. माझा विरोध नोंदवून ठेवा.

२०१८ साली टर्नबुल सरकारने ग्रेट बॅरिअर रीफ फाउंडेशनला ४४ कोटी ३३ लाख डॉलर दिले. ना निविदा, ना खुली स्पर्धा, संस्थेचा साधा अर्जही नाही. पंतप्रधान, पर्यावरणमंत्री फ्रायडेनबर्ग आणि संस्थेचे अध्यक्ष ९ एप्रिलला भेटले, महिना संपायच्या आत घोषणा झाली आणि सहा वर्षांच्या कामाचे पैसे जूनमध्ये एकरकमी दिले गेले. त्या वेळी संस्थेत पूर्णवेळ माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! हा तुमचा-आमचा कराचा पैसा. पर्यावरण संस्थांना सरकारने पैसे देऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

— एक जुना सभासद

काका, नमस्कार.

पैसे ज्या पद्धतीने दिले, ती चूकच होती. जानेवारी २०१९च्या अहवालात महालेखापरीक्षकांनीही पर्यावरण खात्याच्या छाननीतल्या त्रुटी दाखवल्या. पण त्यावरून तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही.

त्या रकमेतले सुमारे २० कोटी पाण्याच्या गुणवत्तेसाठी होते. क्वीन्सलंडमधल्या बर्डेकिन नदीच्या खोऱ्यात गुरांच्या कुरणांमधून घळी पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथली माती थेट समुद्रात जाते. उसाच्या शेतातलं नत्र नद्यांमधून खाली येतं, त्यावर शैवाल वाढतं आणि ते खाऊन काटेरी तारामाशांची पिल्लं जगतात. हे तारामासे पुढे प्रवाळच फस्त करतात. त्यांना मारायला पाणबुडे खाली उतरतात आणि एकेकाला शोधून व्हिनेगरचं किंवा पित्तक्षारांचं इंजेक्शन देतात. हे काम वर्षानुवर्षं करावं लागतं. घळ बुजवली म्हणून कुणी फोटो काढायला येत नाही, आणि असल्या कामाला देणगीदारही मिळत नाहीत. मग सरकारने नाही द्यायचे, तर कुणी द्यायचे?

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५: इतक्या वेळा रीफवर मोठ्या प्रमाणात प्रवाळ पांढरे पडले. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर पाणी जेमतेम एक अंश गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात. त्यांचं बहुतेक अन्न त्या शैवालाकडूनच येतं. पाणी लवकर निवलं तर ते सावरतात, नाहीतर उपासमारीने मरतात. ही उष्णता कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे वाढते आहे. तारामाशांवर पैसे खर्च करायला कुठल्याही सरकारची हरकत नसते. पण खाणींना कोर्टात आव्हान देणाऱ्या लोकांची वकिली करणाऱ्या एन्व्हायर्न्मेंटल डिफेंडर्स ऑफिसेसचं केंद्रीय अनुदान २०१३मध्ये बंद केलं गेलं, ते सत्ताबदलानंतर २०२२च्या अर्थसंकल्पात परत आलं. एकाला न मागता, दुसऱ्याचं काढून! सगळं मंत्र्यांच्या मर्जीवर.

म्हणून माझी मागणी उलटी आहे. सरकारने पैसे द्यावेत, पण अर्ज मागवून, टप्प्याटप्प्याने, आधीच्या टप्प्याचा हिशेब पाहून. आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेने सरकारच्या धोरणावर बोललं, तर पुढचा हप्ता अडता कामा नये. सेवाभावी संस्थेला सार्वजनिक धोरणावर आवाज उठवता येतो, हे एड/वॉच या संस्थेच्या खटल्यात हायकोर्टाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २०१०मध्येच मान्य केलं आहे.

— खजिनदार

खजिनदारबाई,

हप्त्यांचं पटलं. पण मग आपली छोटीशी देणगी कुठे पुरणार? कोट्यवधी मिळालेल्या संस्थेला तर मी देऊ देणार नाही.

— तोच जुना सभासद

काका,

तिथे द्यायची माझीही इच्छा नाही. जिला सरकारी पैसा मिळत नाही किंवा जी तो मुद्दाम घेत नाही, अशी संस्था शोधू या. एसीएनसी या सेवाभावी संस्थांच्या सरकारी नियामकाच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदणीकृत संस्थेची माहिती फुकट पाहता येते. बऱ्याच संस्थांचं सरकारी अनुदान, देणग्या आणि पगारावरचा खर्च तिथे वेगवेगळा दिलेला असतो. मी तीन-चार नावं काढून यादीवर टाकते. त्यांचे आकडे तुम्हीच तपासा, तुमच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी पाहणार नाही. मग सभेत मतदान घेऊ.

— खजिनदार