तीन चुकांचा सेंट: चुकीला एवढा भाव कशापायी?

ढब्बू_पैसा:
परवा एका स्नेह्यांकडे १८०१ चा अमेरिकन मोठा सेंट हातात घेतला. तांब्याचा, राणीछाप रुपयाहून किंचित लहान, चॉकलेटी झालेला. त्यांनी काटा, म्हणजे मागची बाजू, वर केला आणि भिंग पुढे सरकवलं. ‘युनायटेड’मधल्या यू-च्या जागी दोन उभे आय, पानांच्या हाराचं डावं देठ गायब, आणि खाली १/१०० ऐवजी चक्क १/०००. संग्राहक याला ‘थ्री एरर्स’ म्हणतात आणि साध्या सेंटाहून बरेच जास्त पैसे मोजतात.

मला हे पटत नाही. चूक कोरणाऱ्याची आहे, नाण्याची नाही. डाय, म्हणजे नाणं छापायचा पोलादी ठसा, चुकला की त्यातून पडणारं प्रत्येक नाणं तसंच. सगळ्या भावंडांचं नाक वाकडं असेल तर ती घराण्याची ठेवण झाली! खरी चूक एकट्या नाण्यावर घडते. चकती सरकून छाप अर्धाच बसतो, किंवा आधीचं नाणं डायला चिकटून पुढच्यावर उलटी, खोलगट प्रतिमा उठते (आपल्याकडचं ‘लाखी’). पैसे त्याला द्यावेत.

न्यूजर्सीकर:
साफ असहमत. ठेवण म्हणता, तर टांकसाळीने ती दुरुस्त का केली? १८०१ च्याच दुसऱ्या एका डायवर पहिल्या शून्यावर १ ठोकलेला दिसतो, खालचं शून्य पुसटसं डोकावतं. म्हणजे त्यांनाही ती चूकच वाटली होती. आणि गंमत म्हणजे १८०२ मध्ये पुन्हा १/००० आहेच!

त्रैराशिक:
एक भागिले शून्य. त्या सेंटची किंमत अनंत आहे, उगाच घासाघीस करू नका.

शिवराईवाला:
दोघेही त्या कारागिराकडे बघत नाही आहात. फिलाडेल्फियाची टांकसाळ १७९२ ची, सेंट पाडायला सुरुवात १७९३ ला. डाय हाताने व्हायचा. एकेका अक्षराचा पंच घेऊन पोलादात ठोकायचा, तोही आरशातल्यासारखा उलटा. १७९६ च्या एका सेंटवर ‘लिबर्टी’तला बी आधी उलटा बसला, मग त्यावरच सरळ ठोकला. झालं ‘लिहर्टी’. उलट अक्षरं ठोकून बघा एकदा वहीच्या कागदावर, मग बोला. वर पोलादाला पाणी देण्यात कच्चेपणा, त्यामुळे डाय तडकायचे, आणि तडकलेलेही वापरत राहायचे. त्यात पीतज्वर. जोसेफ राइट हा तिथला गुणी कोरक्या १७९३ मध्येच त्या साथीत गेला.

आणि ढब्बूराव, १८०४ च्या अर्ध्या सेंटचं काय करायचं? ‘स्पाइक्ड चिन’. नाण्यावरच्या लिबर्टी या स्त्रीमूर्तीच्या हनुवटीतून काटा निघालेला. कोरणाऱ्याने तो कोरला नाही. छपाई चालू असताना स्क्रूसारखं काहीतरी डायमध्ये अडकलं, असं मानतात. ही कोरणाऱ्याची चूक की नाण्याची? तुमच्या दोन खणांत हे कुठेच बसत नाही.

ढब्बू_पैसा:
काटा मान्य. त्याला तिसरा खण करू. पण १७९४ च्या एका सेंटच्या मागच्या बाजूला कडेने ९४ बारीक चांदण्या आहेत, त्या का ठोकल्या ते कुणालाच सांगता येत नाही. तीही चूकच म्हणणार का? बाजारात तर सगळं एकाच टोपलीत विकतात.

न्यूजर्सीकर:
नाही, चांदण्यांना चूक कोण म्हणतंय? आणि १७९३ च्या साखळीवाल्या सेंटवर ‘अमेरि.’ एवढंच आहे, तेही मी चुकीत धरत नाही. जागा पुरली नसावी, पुढे डाय बदलून पूर्ण नाव घातलं. हेतू होता तिथे चूक नाही. १/००० मागे कुठला हेतू?

खडखडीत:
विषयांतर, पण सांगतो. ‘लाखीला पैसे द्या’ या सल्ल्यावर मी एका प्रदर्शनात पोळलोय. एक बाजू छान उलटी, खोलगट. घरी येऊन पालथं केलं तर दुसऱ्या बाजूचा चेहरा सपाट, केसांच्या बटा चेपलेल्या. कुणीतरी दोन नाणी पकडीत दाबली होती. खऱ्या लाखीत दुसरी बाजू एरवीसारखीच ठसठशीत असते, कारण ती खऱ्या डायखालीच छापली जाते. डायची चूक मात्र पकडीत दाबून करता येत नाही. म्हणून मला ढब्बूंच्या नेमकं उलटं वाटतं.

शिवराईवाला:
आता थोडं घरचं. या सेंटसाठी कोऱ्या चकत्या १७९७ पासून बर्मिंगहॅमहून, मॅथ्यू बोल्टनकडून मागवायला लागले. त्याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीने १७९१ मध्ये कंपनीचे मुंबईचे तांब्याचे पैसे पाडले होते, तराजू आणि ‘अदल’ (न्याय) या शब्दाचे. वाफेच्या यंत्रावरचे, गोल गरगरीत. आमच्या शिवराईवर मात्र ‘श्री राजा शिव’ पूर्ण बसलं तर दिवाळी. तिथे छाप सरकलेला बघून कुणी एक पैसा जास्त देत नाही, उलट कमीच देतो.

ढब्बू_पैसा:
खडखडीत, पकडीचा मुद्दा भारी आहे. तेवढ्यापुरता हरलो. स्नेह्यांना कालच फोन करून विचारलं, तो सेंट देणार का. नाही म्हणाले.