‘बोलला’ की ‘बोलता झाला’? फ्रेंच ‘पासे सँप्ल’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका

एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच कथेचा अनुवाद करताना पहिल्याच पानावर माझे आणि संपादकांचे बिनसले आहे. मूळ वाक्यात ‘इल आँत्रा, पोझा साँ शापो ए सासी’ अशी तीन क्रियापदे ‘पासे सँप्ल’ या काळात आहेत, म्हणजे आज फ्रेंच माणूस लिहितो पण सहसा बोलत नाही अशा भूतकाळात. मी ‘तो आत आला, त्याने टोपी काढून ठेवली आणि तो बसला’ असे लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘तो आत येता झाला, टोपी ठेवता झाला व बसता झाला’ असे केले. जे रूप फ्रेंच लोकांच्या तोंडी नाही, ते आपण भाजीवाल्याशी बोलताना वापरतो त्या रूपात उतरवणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे.

दुसरी अडचण परिशिष्टाची आहे. तिथे या काळाला मराठी नाव द्यायचे आहे. शब्दशः ‘साधा भूतकाळ’ होतो; पण ‘साधा भूतकाळ’ म्हटले की आपल्या वाचकाला शाळेतला ‘गेला, बसला’ आठवतो, आणि या फ्रेंच काळात तर साधे काहीच नाही. जाणकारांनी सुचवावे.

पोथीनिष्ठ

संपादकांची बाजू इतक्या सहज सोडून देऊ नये. ‘राजा बोलता झाला’ ही आपली अस्सल कथनशैली आहे. पोथ्या ऐकत वाढलेल्या पिढीला ती परकी वाटत नाही. ‘तो येई, बसे, काही म्हणे’ हे ई-आख्यात, म्हणजे ‘ई’ प्रत्यय लागून होणारे क्रियापदाचे रूपही बोलण्यातून जवळजवळ गेले आणि गोष्टीत मात्र टिकले. आपल्याकडे लेखी भूतकाळाची अशी संपत्ती असताना सगळे ‘ला-ली-ले’मध्ये कोंबायचे आणि नावासाठी ‘पासे सँप्ल’ असा परका शब्द तसाच ठेवायचा, हा आळस झाला. नावाबद्दल म्हणाल, तर मोरो केशव दामले यांनी १९११च्या व्याकरणात जशी लाख्यात, वाख्यात, चाख्यात अशी प्रत्ययांवरून ओळखायची नावे वापरली, तसे रूपावरून नाव द्यावे.

खडू-फळा

मी बरीच वर्षे फ्रेंच शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पोथीनिष्ठ यांची सूचना ऐकायला गोड आहे, पण रूपावरून नाव द्यायचे तर कोणत्या रूपावरून? ‘-एर’ने लिहिल्या जाणाऱ्या क्रियापदांत ‘आ’ येतो : इल पार्ला, नू पार्लाम, इल पार्लेर. दुसऱ्या गटात ‘ई’ येते : इल फिनी, इल प्री. तिसऱ्यात ओठ मुडपून काढायचा ‘ऊ’ येतो : इल वूलू, इल मुरू. आणि येणे, धरणे या अर्थांच्या दोन क्रियापदांचे व त्यांच्यापासून झालेल्यांचे एक वेगळेच अनुनासिक बिऱ्हाड आहे : इल वँ, इल तँ. त्यातही गंमत अशी की ‘इल फिनी’ म्हणजे ‘तो संपवतो’ आणि ‘त्याने संपवले’ही, ‘इल वी’ म्हणजे ‘त्याने पाहिले’ किंवा ‘तो जगतो’. ‘मी बोललो’ याचे ‘जे पार्ले’ आणि ‘मी बोलत असे’ याचे ‘जे पार्लॅ’ हे अनेकांच्या उच्चारात एकच होऊन बसले आहेत. बोलणाऱ्याने इतका भार कशासाठी वाहावा? त्याने ‘मी बोललो आहे’ अशा घडणीचा जोडकाळ, म्हणजे ‘पासे काँपोझे’, उचलला आणि तोच साधा भूतकाळ म्हणून वापरला.

तरीही संपादकांचे अनुमान चुकते. पासे सँप्ल जुनाट नाही. फ्रेंच मूल वाचायला शिकण्याआधीच परीकथांतून तो ऐकते. कादंबरीत ‘इल आँत्रा’ वाचताना कोणाला धूप-कापराचा वास येत नाही. ‘येता झाला’ वाचताना मात्र आज आपल्याला एक तर पोथी आठवते किंवा लेखक थट्टा करतो आहे असे वाटते. थट्टेचा तो सूर फ्रेंचमध्येही आहे, पण तो ‘नू’ आणि ‘वू’च्या रूपांत. जेवताना कोणी ‘वू झारिव्हात’, म्हणजे ‘आपण येते झालात’, असे म्हटले की टेबलावर हशा ठरलेला. तेव्हा अनुवादिका यांचे ‘आला, ठेवली, बसला’ हेच बरोबर आहे.

शब्दवेल्हाळ

विषय निघालाच आहे तर एक शंका मांडतो. फ्रेंच शिकताना ‘इल आला’ म्हणजे ‘तो गेला’ हे वाचून आमचा सगळा वर्ग हसला होता. जाणे आणि येणे ही एकाच हालचालीची दोन टोके आहेत. तेव्हा तो ‘आला’ आणि आपला ‘आला’ मुळात एकच असावेत, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. कोणी यावर काम केले आहे का?

परोक्ष

शब्दवेल्हाळ, तुमचा आनंद हिरावून घेताना वाईट वाटते. मराठी ‘आला’मधील ‘ल’ हा प्राकृतातील ‘इल्ल’सारख्या प्रत्ययातून आलेला भूतकाळाचा खुणेकरी आहे, तर फ्रेंचमधला ‘ल’ धातूच्या अंगातच आहे आणि भूतकाळ दाखवतो तो त्याच्यापुढचा ‘आ’. खरे नाते हवे असेल तर ते ‘असणे’ या क्रियापदाकडे आहे. ‘इल फू’, म्हणजे ‘तो होता’, हे लॅटिन ‘फुइत्’पासून आले, आणि त्या ‘फु’चे व संस्कृत ‘भू’चे मूळ एक आहे. अभूत्, बभूव आणि खुद्द ‘भूतकाळ’ या शब्दातला ‘भूत’ हे सगळे त्या ‘फू’चे भाऊबंद.

नावाचा प्रश्नही संस्कृतातून सुटतो. पाणिनीचे ‘अनद्यतने लङ्’ हे सूत्र पाहा : आजच्या दिवसात न मोडणारा भूतकाळ. आता १६६०मध्ये आर्नो आणि लाँसलो यांनी पोर-रोयालच्या व्याकरणात काय म्हटले ते पाहा : ‘मी काल लिहिले’ यासाठी हे रूप चालेल, ‘मी आज सकाळी लिहिले’ यासाठी चालणार नाही, मध्ये किमान एक दिवस गेला पाहिजे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन व्याकरणांनी एकाच ठिकाणी रेघ ओढली आहे. म्हणून माझी सूचना : ‘अनद्यतन भूतकाळ’.

मडगावकर

फ्रेंचांनी हा काळ कपाटात ठेवला म्हणून तो सगळीकडेच ग्रंथातला झाला, असे कृपया समजू नये. आमच्या घरी आजोबा पोर्तुगीज बोलत, आणि लॅटिनमधून आलेले तेच रूप, ‘फालोउ’ म्हणजे ‘बोलला’, ते बाजारातून आल्यावर पिशवी खाली ठेवता ठेवता वापरीत. परोक्ष यांचा ‘फू’ तिथे ‘फोय’ होतो, आणि ‘तो होता’ व ‘तो गेला’ असे दोन्ही अर्थ देतो. तेव्हा ‘वाङ्मयीन’ किंवा ‘ग्रांथिक’ हे विशेषण फ्रेंचपुरतेच ठेवावे.

खडू-फळा

‘अनद्यतन’ फार देखणे आहे, पण ते सतराव्या शतकापुरते. आज तो चोवीस तासांचा नियम उरलेला नाही. इसवी सन २३००मध्ये घडणारी विज्ञानकथाही फ्रेंच लेखक पासे सँप्लमध्ये सांगतो. ते ना काल, ना आज. भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हनिस्त यांनी १९५९मध्ये केलेला भेद मला अधिक उपयोगी वाटतो : हा काळ घटना किती जुनी ते दाखवत नाही, तर सांगणारा बाजूला झाला आहे आणि घटना आपल्या आपणच उलगडत आहेत, असे दाखवतो. म्हणूनच काम्यूने १९४२च्या ‘लेत्राँजे’मध्ये कादंबरीकाराचे हे हक्काचे रूप बाजूला ठेवून बहुतांश निवेदन बोलण्यातल्या पासे काँपोझेत केले, हे तिथल्या वाचकाला लगेच जाणवले, मराठीत दोन्हींचे ‘ला-ली-ले’ होते आणि फरक पुसला जातो. माझे मत ‘कथनभूत’ या शब्दाला.

जाता जाता एक विचित्र गोष्ट. काही फ्रेंच क्रियापदांना हा काळच नाही, आणि त्यांत ‘त्रेर’, म्हणजे दूध काढणे, हेही येते. ज्या काळात राजे मेले, जहाजे बुडाली, लग्ने मोडली, त्या काळात गाईची धार काही निघू शकत नाही. ग्रामीण मराठी कथा फ्रेंचमध्ये नेणाऱ्याला ‘तिने धार काढली’ इथे थांबावे लागते आणि ‘ती धार काढू लागली’ असे करून ‘लागली’वर काळ चढवावा लागतो.

बांधावरून

धार काढणे हा शब्द ठीक आहे, पण आमच्याकडे म्हैस ‘पिळतात’. छापील कथांत ‘दोहणे’ वाचले की लेखकाने गोठा पाहिलेला नाही हे कळते.

पोथीनिष्ठ

‘दोहणे’ हा शुद्ध आणि प्राचीन शब्द आहे. त्याला गोठ्याबाहेर काढण्याचे कारण नाही. ‘दुहिता’ याच दुह् धातूपासून झाला आहे. जी गाय दोहते ती मुलगी.

परोक्ष

‘निरुक्त’ या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथाचा कर्ता यास्क याने त्याच शब्दाची ‘दुर्हिता’ आणि ‘दूरे हिता’ अशीही फोड दिली आहे, तेव्हा एकाच व्युत्पत्तीवर इतका भार नको.

अनुवादिका

चर्चेबद्दल सर्वांचे आभार. परिशिष्टात तूर्त पेन्सिलीने ‘कथनभूत’ लिहिले आहे. संपादकांना खडू-फळा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी ‘येता झाला’ मागे घेतले, पण ‘बसता झाला’ ठेवावे असा आग्रह धरला आहे. माझ्या कथेत गाय नाही.

बांधावरून

नसू द्या. पण ‘पिळणे’ कोणत्या कोशात आहे ते कोणी पाहून सांगेल का?